मुंबईची पट्टी, रॉटरडॅमचा कंटेनर

आमच्या निफाड तालुक्यात लहानपणी द्राक्षाचा हंगाम म्हणजे लाकडी पेट्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज. पेटीत रद्दीचं कातरण अंथरायचं, त्यावर घड, वर पुन्हा कातरण. संध्याकाळी ट्रक मुंबईला जायचा आणि आठवड्याने दलालाची पट्टी यायची. आबा ओट्यावर बसून ती दोनदा वाचायचे. हमाली, तोलाई, दलाली वजा जाता जे उरायचं, त्यावर घरातलं लग्न ठरायचं, नाहीतर पुढे जायचं. भाव का पडला, हे विचारायची सोय नव्हती.

१९९१ साली देशाने सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवलं, तेव्हा आबा हळहळले होते. जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं, व्यापाराची दारं उघडली. त्याच साली द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांची ‘महाग्रेप्स’ उभी राहिली आणि आपली द्राक्षं युरोपच्या वाटेला लागली.

आज त्याच शिवारात पॅकहाऊस आहे. टोप्या-हातमोजे घातलेल्या बायका घडातला बारका, डागी मणी कात्रीने काढतात. घड अर्ध्या किलोच्या डब्यात बसतो. कोणतं औषध कधी मारलं, याची वही ठेवावी लागते. त्या वहीने आम्हाला शिस्त लावली, निर्यातीने गावात पक्की घरं आणि बायांच्या हाताला काम दिलं. हे ऋण मी मानतो.

पण २०१० विसरता येत नाही. क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले. तोवर आपल्याकडच्या तपासणीत त्या रसायनाचं नावच नव्हतं. माल आमचाही होता; तोटा उतरला तो आमच्याच सातबाऱ्यावर. २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले. आफ्रिकेला वळसा पडला, भाडं वाढलं. भांडण कुठलं आणि भुर्दंड कुणाला!

दार पुन्हा लावा, असं मी म्हणणार नाही. पण परदेशी गिऱ्हाइकासाठी होते तितकी काटेकोर तपासणी आपल्या आठवडे बाजारातल्या द्राक्षाचीही व्हावी, आणि सातासमुद्रापारच्या जोखमीत सरकारने व निर्यातदाराने शेतकऱ्याबरोबर वाटा उचलावा.

आज कंटेनर कुठल्या समुद्रात आहे, हे मला मोबाइलवर दिसतं. शेवटचा भाव मात्र माल पोचल्यावर तिकडूनच कळतो. तोवर मीही आबांसारखा ओट्यावर बसून वाट बघतो.