मिरजेचा डबा

३ जुलै
शाखांच्या कॉम्प्युटरना नेटवर्कचे पत्ते वाटणारे तीन बॉक्स आले. दोन सांगलीला, एक मिरजेला. ऑफिसच्या मामांनी विचारलं, "एवढं सारखं डबं कशाला, मॅडम?" म्हटलं, एक बंद पडला तर दुसरा. "आणि दोन्ही पडलं तर?"
"म्हणून मिरजेचा."

४ जुलै
सांगलीचे दोन्ही रॅकमध्ये. दोघांना वेगवेगळा यूपीएस. कागदावर लिहून रॅकच्या दाराला चिकटवलं.

५ जुलै
पाऊस नाही. नुसतं उकडतंय.
जोडी लावली. एक पुढे, एक मागे. दोघांचे आपापले पत्ते आणि वर एक सामाईक पत्ता. शाखांना तेवढाच ठाऊक. पुढचा दर सेकंदाला 'मी आहे' म्हणतो. तीन हाका ऐकू आल्या नाहीत की मागचा तो पत्ता स्वतःकडे घेतो. साडेतीन सेकंदांच्या आसपास.
अर्ध्या तासात सगळ्या इमारतीचं नेट लागायचं, तुटायचं.

रात्री ११. सापडलं. या हाकांच्या प्रोटोकॉलचा, व्हीआरआरपीचा, आयडी १० टाकला होता. त्याच व्हीलॅनमध्ये कोअर राउटरची जोडी आधीपासून १० वर. सामाईक मॅक पत्त्याचा शेवटचा भाग या आयडीवरूनच बनतो. दोन जोड्या एकाच मॅकने बोलत होत्या, स्विचला कोण कुठल्या पोर्टवर ते कळेना. ५३ केला. थांबलं. आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम.

८ जुलै
मिरज. टनेल लागेना. यूडीपी ११९४ हवा, फायरवॉलमध्ये टीसीपी. उद्या बदलून मिळेल.

९ जुलै
टनेलपर्यंत आलं. आता सर्टिफिकेट नाकारतंय. फर्मवेअर दोन्हीकडे तेच. पासवर्ड तीनदा टाकला.
संध्याकाळी पुसट शंका आली म्हणून घड्याळ बघितलं. मिरजेच्या बॉक्सला आपली वेळ यूटीसी म्हणून दिलेली. साडेपाच तास पुढे. त्याचं सर्टिफिकेट सांगलीच्या हिशेबाने अजून सुरूच व्हायचं होतं. वेळ जुळवायला एनटीपी लावलं. मिनिटभरात जोडला गेला.

१० जुलै
आई म्हणाली, गव्हाची कोठी आत्ताच माळ्यावर घेऊ. पाऊस तर अजून नीट लागलाही नाही. घेतली. पूर येणाऱ्या आमच्या गावभागात याला घाई म्हणत नाहीत.

११ जुलै
डेटाबेस मिरजेला पोचला. सिंक हिरवं. हिरवं दिसतंय यावर मला झोप लागत नाही.

१२ जुलै
साहेबांना मिरजही आपोआप चालू व्हायला हवी आहे. समजावलं. एका खोलीतली जोडी आपोआप चालते, मधे दोन हात केबल आहे. सांगली-मिरज लाइन तुटली तर मिरजेला वाटणार सांगली गेली. सांगली तर चालूच. दोन मुख्य, दोघे वेगवेगळे पत्ते वाटणार, दोन वह्या. दोघांत बहुमत होत नाही, साहेब. तिसरा साक्षीदार हवा, नाहीतर माणूस.
"मग माणूस कोण?"
मिरजेच्या अधिकाऱ्यांचं नाव लिहिलं. मी पाण्यात अडकलेली असेन हे धरूनच लिहिलं. साहेब काही बोलले नाहीत. २०१९ च्या पुरात तेही इथेच होते.

१३ जुलै, रविवार
चाचणी. पुढच्या बॉक्सची वायर ओढली. पिंगचे चार गेले, पाचवं आलं. मागचा पुढे. मग त्याचीही ओढली. हात थरथरत होता, लिहून ठेवते.
मिरजेला फोन. त्यांनी कागद वाचत वाचत कमांड दिली. मिरज मुख्य. सगळं हिरवं.
जतच्या शाखेत एकाला बोलावून ठेवलं होतं. म्हणाला, चालू आहे मॅडम. म्हटलं, एक कॉम्प्युटर बंद करून चालू करा.
पत्ता मिळेना.
आधीचे चालत होते कारण त्यांच्या पत्त्याची मुदत, लीज, संपली नव्हती. शाखेच्या राउटरवर पत्त्याची मागणी (डीएचसीपी) पुढे पाठवायला एकच पत्ता लिहिलेला, सांगलीचा. सोमवारी सगळे एकदम उघडले असते तर कळलं असतं.

१८ जुलै
राउटर तपासून संपले. नऊ शाखांमध्ये तेच. सगळीकडे मिरजेचा पत्ताही घातला. तासगाव, आटपाडी, जत स्वतः उघडून बघितले.

२० जुलै
पुन्हा चाचणी. जतचा कॉम्प्युटर बंद, चालू. मिळाला.

२१ जुलै
एक राहिलंय. मिरज मुख्य असताना सांगली परत उठली तर? जुन्याला वाटणार आपणच मुख्य. कागदावर पहिली ओळ बदलली: आधी सांगली पूर्ण बंद, मग मिरज. उठवताना सांगलीची नेटवर्क केबल बाहेर. लाल शाईने.

२४ जुलै
पाऊस लागला. कोयना धरणातून विसर्ग वाढवला.

२५ जुलै
आयर्विन पुलापाशी पाणी ३४ फूट. शेजारी ट्रॅक्टर आला. आई मावशीकडे विश्रामबागला.

२६ जुलै
सकाळी ३९. इशारा ४० ला, धोका ४५ ला. सर्व्हर रूम पहिल्या मजल्यावर आहे, पाणी तिथवर येणार नाही. वीज जाते. जनरेटर खाली.
साहेब म्हणाले, डिझेल आहे तोवर थांबू. म्हटलं, डिझेल आहे तोवरच बंद करू. २०१९ ला गुडघाभर पाण्यात, टॉर्च दातात धरून बॅटऱ्या सोडवलेल्या मला आठवतात.
दुपारी ३:४०. दोन्ही बंद केले, कागदाप्रमाणे. केबल काढल्या, चिठ्ठ्या लावल्या. मिरजेला फोन.
३:५२. मिरज मुख्य. जत, तासगाव ठीक. आटपाडी उत्तर देईना. पाच मिनिटं. तिथे लाइट गेली होती, एवढंच.
मामा विझलेल्या दिव्यांकडे बघत उभे होते. "झोपलं जणू."

रात्री १२:१०
विश्रामबाग. आयर्विन ४१. मोबाइलवर मिरजेची विंडो उघडी. घराच्या ओट्याला पाणी लागलं असेल का, आई विचारते. शेजाऱ्यांचा फोन लागत नाही.

१:३०
सिंक नाही, कारण सांगली नाही. बाकी हिरवं. चार्जर आईच्या पिशवीत होता, सापडला.