कुलूपबंद प्रदर्शन : बडोदा, २००७

विद्यार्थ्यांच्या निषेधकलेची चर्चा सहसा घोषणाफलक आणि भित्तिचित्रांपाशीच थांबते. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेचा ताबा घेतलेल्या आंदोलकांनी स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर उतरवून, छापलेली निनावी पोस्टरे तिचा नमुना मानली जातात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला शाखेत मे २००७ मध्ये उभे राहिलेले प्रदर्शन या साच्यात बसत नाही, कारण त्याचा सारा भर नव्या चित्रांवर नव्हे, तर वर्गात वर्षानुवर्षे शिकवल्या गेलेल्या जुन्या प्रतिमांवर होता. तरीही विद्यापीठाच्या नेतृत्वाला त्याने एखाद्या जहाल पोस्टरपेक्षा अधिक अडचणीत आणले.

९ मे रोजी परीक्षेसाठी मांडलेल्या कामांत चंद्रमोहन या मुद्राचित्रणाच्या विद्यार्थ्याने केलेली काही मुद्राचित्रे, त्यांत देवीची प्रसूती दाखवणारे एक, धार्मिक भावना दुखावणारी ठरवून बाहेरचे राजकीय कार्यकर्ते आवारात शिरले, आणि पोलिसांनी अटक केली ती विद्यार्थ्याला. परीक्षेची मांडणी हे सार्वजनिक प्रदर्शन नव्हे, ती परीक्षकांसाठी असते. हा साधा मुद्दाही प्रशासनाने आपल्या विद्यार्थ्याच्या बाजूने लावून धरला नाही.

११ मे रोजी विद्यार्थ्यांनी याला दिलेले उत्तर घोषणांचे नव्हते. कला-इतिहास विभागाच्या संग्रहातील छायाचित्रे व प्रतिकृती काढून त्यांनी त्या शाखेच्या आवारात मांडल्या : गुडिमल्लमचे शिवलिंग, मोढेरा, कोणार्क व खजुराहो येथील मिथुनशिल्पे, अठराव्या शतकातील लघुचित्रे आणि वेरूळची लज्जागौरी. मराठी वाचकाला यातील शेवटची प्रतिमा परकी नाही. गुडघे दुमडून फाकवलेली, प्रसूतीच्या पवित्र्यातील, आणि बहुधा मस्तकाच्या जागी कमळ असलेली ही मातृदेवता तेर, भोकरदन येथील उत्खननांतही छोट्या मूर्तींच्या रूपाने सापडली आहे, आणि रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. प्रसवणारी देवी दाखवली म्हणून एका विद्यार्थ्याला कोठडीत टाकले असताना शतकानुशतके पुजली गेलेली प्रसवमुद्रेतील देवी त्याच आवारात मांडणे, हा युक्तिवाद एकही शब्द न उच्चारता पुरा होतो. मांडणी हीच येथे कलाकृती होती, असे म्हणायला हरकत नाही.

प्रशासनापुढे यातून पेच उभा राहिला. प्रदर्शन चालू ठेवावे तर अटकेचा पायाच डळमळतो, आणि बंद करावे तर स्वतःचा अभ्यासक्रमच आक्षेपार्ह ठरतो. त्याने दुसरा मार्ग पत्करला. प्रदर्शन बंद करण्याचा आदेश प्रभारी अधिष्ठाता (शाखेचे प्रमुख) शिवाजी पणिक्कर यांनी मानला नाही, तेव्हा त्यांना निलंबित करून विभागाला टाळे ठोकण्यात आले. हंसा मेहता कुलगुरू असताना १९५० मध्ये सुरू झालेल्या, ना. श्री. बेंद्रे यांच्यासारख्या चित्रकाराने घडवलेल्या शाखेवर ही वेळ यावी, याला करंटेपणाच म्हणावे लागेल.

१४ मे रोजी देशातील अनेक शहरांत कलावंतांनी निषेध नोंदवला आणि त्याच सुमारास चंद्रमोहनला जामीन मिळाला. पणिक्कर यांचे निलंबन मात्र त्यानंतरही कायम राहिले.