एवढंसं तर भाजलंय!

परवा ऑफिसात सेफ्टी ट्रेनिंग होतं. "शॉक बसलेल्या माणसासाठी आधी काय कराल?" ट्रेनरने विचारलं. अर्धे जण लॅपटॉपमध्ये, बाकीचे घड्याळाकडे बघत. मी मात्र मनाने थेट इंदापूर तालुक्यात, तात्यांच्या मोटारीजवळ पोचलो.

तर झालं होतं असं... मे 2019. इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा देऊन मी गावी आलो होतो. आमचं शेत भवानीनगरच्या पुढे, बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत. ऊस, विहीर आणि त्या आठवड्यात रात्रीची लाईट. साडेअकराला तात्या (माझे धाकटे चुलते) मोटार चालू करायला निघाले, मी बॅटरी घेऊन मागे. पायाखाली चिखल, तात्या अनवाणी. त्यांनी स्टार्टरच्या लोखंडी पेटीला हात लावला आणि तिथेच चिकटले. ओरडलेसुद्धा नाहीत.

करंटने स्नायू आवळले जातात, पकड सोडवता येत नाही, हे मी वाचलेलं होतं. तरी तात्यांना ओढायला हात पुढे केलाच! तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरच्या दादाने मला मागे खेचलं आणि मेन स्विच पाडला. दादा सातवी शिकलेला. डिग्री माझ्याकडे होती.

तात्या उठून बसले. उजव्या बोटावर एक पांढरट, कडक ठिपका. डाव्या तळपायाला दुसरा. "काय न्हाय रं, दुखत बी न्हाय." काकूने हळद लावली. मी म्हणालो, "एवढंसं तर भाजलंय!" आणि सगळे झोपलो.

सकाळी हात सुजलेला आणि लघवी काळ्या चहासारखी. तात्यांना घेऊन तडक बारामती गाठली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, सलाईन सुरू केलं आणि मग मला बाजूला घेऊन समजावलं. वीज एकीकडून शिरते, दुसरीकडून बाहेर पडते. आपल्याला दिसतात ती फक्त दोन टोकं. मधल्या वाटेवरचे स्नायू आतून भाजतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि किडनी निकामी करू शकतं. हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. आणि दुखत नाही, कारण तिथले मज्जातंतूच जळालेले असतात! आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये एका ओळीचा एरर, आणि आत अख्खा डेटाबेस करप्ट.

तात्या वाचले. बोट वाकडं राहिलं. पण रात्रीचे ते सात तास मी फुकट घालवले, हे अजून डोक्यातून जात नाही.

म्हणून जे तेव्हा कळायला हवं होतं, ते लिहून ठेवतो. माणसाला हात लावण्याआधी वीज बंद. घरगुती करंट असेल आणि स्विच सापडतच नसेल, तर स्वतः कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करा. खांबावरची तार तुटून पडली असेल तर मात्र काठीही नको! किमान 10 मीटर लांब थांबा आणि 1912 ला फोन करून लाईन बंद करायला सांगा. वीज बंद झाली की श्वास बघा. माणूस प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर 108 ला फोन आणि लगेच छातीच्या मधोमध जोरात दाब, मिनिटाला 100 ते 120. उंचावरून पडला असेल तर मान हलवू नका. भाजलेल्या जागेवर 20 मिनिटं नळाचं पाणी, सूज यायच्या आत अंगठी-घड्याळ काढा, वर स्वच्छ कोरडं कापड. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको. आणि ठिपका केवढाही असो, हॉस्पिटल त्याच रात्री.

त्या पेटीत वायरचं कव्हर घासून गेलं होतं आणि अर्थिंग नव्हतंच. आता आहे. तात्या आता चप्पल घातल्याशिवाय मोटारीकडे जात नाहीत.

असो. या वीकेंडला गावी गेलात, तर शेतातला मेन स्विच कुठे आहे तेवढं बघून या. मला माहीत नव्हतं.