शेजाऱ्यांची खतावणी

शिकागोत मुलाकडे मुक्कामास असताना शेजारच्या वृद्ध गृहस्थांशी माझा स्नेह जुळला, तो त्यांच्या वहीमुळे. ते तिथल्या कब्स या बेसबॉल संघाचे निस्सीम भक्त. सामना पाहताना प्रत्येक फलंदाजाची नोंद पेन्सिलीने करीत. क्षेत्ररक्षकांना १ ते ९ क्रमांक; तिसऱ्या बेसवरच्याने चेंडू पहिल्या बेसकडे फेकून गडी बाद केला की नोंद ५-३. चुकांचा रकाना स्वतंत्र! बँकेत आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या मला ही शिस्त तत्काळ भावली; खेळ मात्र सावकाश उमगला. माझा चौविहार ठाऊक झाल्यावर शेंगदाण्यांचा वाडगा ते दुपारच्या सामन्यांनाच पुढे करीत.

कब्सना १९०८ नंतर अजिंक्यपद लाभले नव्हते. माझ्या स्नेह्यांचे वडील ती वाट पाहतच गेले, पुढे पत्नीही.

२०१६ च्या अंतिम मालिकेतील सातवा, निर्णायक सामना क्लीव्हलंडला होता. नऊ डावांनंतर ६-६ अशी बरोबरी, त्यात पाऊस. सतरा मिनिटे खेळ थांबला. आम्ही दोघेही बोललो नाही. दहाव्या डावात कब्स ८-७ ने जिंकले. अखेरची नोंद ५-३. हात थरथरत असल्याने ती त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतली.

त्या दिवसांत लोक रिग्ली मैदानाच्या विटांच्या भिंतींवर खडूने आपल्या दिवंगतांची नावे लिहीत होते. आम्हीही गेलो. वडिलांचे नाव झाले. पत्नीच्या नावासाठी खाली जागा उरली नव्हती. मी त्यांना खांद्याचा आधार दिला आणि ते टाचा उंचावून लिहू लागले.