तालमीच्या खोलीतलं जर्नल

पुण्यात इंजिनीअरिंगचं पहिलं सत्र आणि पुरुषोत्तम करंडक एकाच पावसाळ्यात येतात. ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी, निवड झाली तर सप्टेंबरात अंतिम, आणि तोवर सबमिशन दाराशी येऊन ठेपलेलं. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही एकांकिका स्पर्धा घेते आहे. भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ अशी आरोळी उठली की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मी सिव्हिलची. आमच्या गटात नेपथ्य माझ्याकडे. सकाळी सर्व्हेचं प्रॅक्टिकल, दुपारी लेक्चर्स, संध्याकाळी रिकाम्या वर्गात तालीम, आणि डोक्यावर एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या पेपरची टांगती तलवार. नाटकापायी पोरीला केटी लागणार, हा आईचा घोर. मग आमचे सीनिअर तिला बी. जे. मेडिकलची नावं ऐकवायचे: तिथे शिकत असताना नाटक करणारे जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ झाले, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ झाले आणि नाटक दोघांचंही सुटलं नाही.

पण मला सावरलं ते आमच्या गटाच्या एका रिवाजानं. तालमीच्या खोलीत शिरताना पहिला प्रश्न असायचा, ‘जर्नल पूर्ण आहे का?’ ज्याचं नसेल त्यानं कोपऱ्यात बसून ते लिहायचं. तोवर त्याची वाक्यं दुसरा कुणीतरी म्हणायचा. मेकॅनिकलचा एक दादा दोन प्रवेशांच्या मधे फळ्यावर लाप्लास ट्रान्सफॉर्म समजावायचा. नेपथ्यातल्या एका लेव्हलवर चौघं उड्या मारणार होते, तेव्हा खालची फळी किती वाकेल याचा हिशोब मी वहीत मांडला. बेंडिंग मोमेंट मला खरा कळला तो तिथे.

पुढे साइटवर आले. स्लॅब भरायच्या रात्री सगळी टीम जागी राहते. तिथेही माणसं एकमेकांच्या भरवशावरच उभी असतात. हाताखालचा एखादा मुलगा नोकरी सांभाळून एमटेक करत असेल, तर त्याच्या परीक्षेच्या तारखा मी आधी विचारते आणि मग ड्युट्या लावते. तो रिवाज असा माझ्याबरोबर आला.

आता भाची अमेरिकेत, पर्ड्यू विद्यापीठात इंजिनीअरिंग शिकते आहे. तिथे मुलींच्या सोरोरिटी असतात: एकत्र राहणं, कार्यक्रम, समाजसेवा, जन्मभराची बहीणमाया. १९८४ मध्ये त्याच विद्यापीठात रश्मी खन्ना आणि अ‍ॅबी मॅकडॉनल्ड या दोघींना इंजिनीअरिंगच्या अभ्यासामुळे नेहमीच्या सोरोरिटींची प्रवेशप्रक्रिया झेपेना. तेव्हा त्यांनी इंजिनीअरिंगच्या मुलींसाठी फाय सिग्मा ऱ्हो ही नवी सोरोरिटी उभी केली. हे वाचलं आणि त्या दोघी मला आमच्याच तालमीतल्या वाटल्या.

‘मावशी, सोरोरिटीत जाऊ का मी? अभ्यास झेपेल?’ भाचीनं फोनवर विचारलं. वेळापत्रक कितीही काटेकोर आखलं तरी एकटीनं दोन्ही पेलत नाही, हे मी जगून शिकले आहे. अभ्यास आणि गट एकमेकांचे वैरी होतात ते गट नुसता मागत राहिला तर. म्हणून तिला म्हटलं, ‘जरूर जा. फक्त एक बघ. उद्या पेपर आहे असं सांगितल्यावर ज्या मुली तुला कार्यक्रमाला ओढून नेतात, त्यांच्यात रमू नकोस. ज्या तुझ्या शेजारी पुस्तक उघडून बसतात, त्यांच्यासाठी मग खुशाल रात्री जाग.’