माइन: माझे, खाण आणि सुरुंग



डिचोलीत रविवारच्या मिस्सेनंतर आमचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. एकदा वर्गाआधी एक मुलगी शाळेचा इंग्रजीचा गृहपाठ करत होती. ‘धिस इज माइन’ या वाक्यापुढे तिने लिहिले होते, ‘ही खाण आहे.’ बाकीची मुले हसली. मला हसू आले नाही. तिचे वडील खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणकाम थांबवले, नंतर ते सुरू झाले आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. त्या घरात ‘माइन’चा दुसरा अर्थ कोणाला सुचणार?

घरी येऊन शब्दकोश उघडला. हे मुळात दोन वेगळे शब्द. ‘माझे’ या अर्थाचा जुन्या इंग्रजीतला, खाणीचा फ्रेंचमधून आलेला. पुढे किल्ल्याच्या तटाखाली खणलेल्या भुयारालाही माइन म्हणू लागले. त्या भुयारात दारू ठासली गेली आणि शब्दाला सुरुंगाचा अर्थ चिकटला.

तो तिसरा अर्थ मला माझ्याच घरात भेटला. पेडण्याला वडिलांच्या मागे काजूची बाग राहिली. दादा म्हणाला माझी, मी म्हणालो माझी. चार वर्षे आम्ही बोललो नाही. घरच्या सणालाही मिस्सेत शांतीचे अभिवादन करताना एकमेकांची नजर चुकवत होतो, आणि मी मुलांना क्षमेचा धडा शिकवत होतो.

ईयोबाच्या पुस्तकात, २८व्या अध्यायात, खाणीचे वर्णन आहे. माणूस जमिनीतून लोखंड काढतो, डोंगर मुळापासून उलथतो, अंधारात दोरीला लोंबकळतो. पण सुज्ञपणा त्याला तिथे सापडत नाही. तो देवाचे भय धरण्यात आहे. हा अध्याय मी वर्गात किती वेळा वाचून दाखवला असेल! स्वतःसाठी वाचला तो त्या गृहपाठानंतर.

आपला ‘माझा’ हा शब्द संस्कृतातल्या ‘मह्यम्’पासून प्राकृतातून आला. मह्यम् म्हणजे ‘मला’, ‘माझ्यासाठी’. कोणी दिल्याशिवाय ‘मला’ काही मिळत नाही. बाग वडिलांनी दिली, वडिलांना आजोबांनी, आणि डोंगर तर देवाचाच. देणारा विसरला की उरलेल्या ‘माझे’खाली भुयार पडू लागते.

गेल्या उपवासकाळात काजूचा हंगाम ऐन भरात होता. एका पहाटे मी पेडण्याला गेलो. दादा बोंडू वेचत होता. त्याने वर पाहिले, काही बोलला नाही, फक्त दुसरी टोपली माझ्याकडे सरकवली. बागेची वाटणी अजून झालेली नाही. पण आता आम्ही बोलतो.

प्रभू, ‘माझे’ म्हणताना तुझा हात आम्हांला दिसू दे. आमेन.