गोठ्यातील कॅल्शियमचा हिशेब

कुंडल परिसरात ऊसतोड सुरू झाली की गोठ्यागोठ्यांत वाड्याचे भारे येऊन पडतात. हिरवा चारा सहज मिळतो आणि जनावरेही तो आवडीने खातात. आमच्या घरचा रोजचा खर्च तीन म्हशींच्या दुधावर चालतो. म्हणून या वाड्याविषयी जे समजले, ते वाचकहो, आपणांस सांगावेसे वाटते.

वाड्यात ऑक्झलेट असते. ते पोटात कॅल्शियमला बांधून ठेवते आणि दोन्ही शेणावाटे निघून जातात. चारा पोटभर मिळूनही कॅल्शियम अंगी लागत नाही. ही उणीव उघडी पडते ती व्याल्यावर. दहा लिटर चिकातून सुमारे 23 ग्रॅम कॅल्शियम बाहेर पडते. रक्तातील साठा त्या मानाने फारच थोडा. हाडांतून वेळीच भर पडली नाही, तर दुग्धज्वर होतो. नाव ज्वराचे, पण अंग तापत नाही. उलट कान गार पडतात, जनावर थरथरते, खाली बसते आणि मान कुशीकडे वळवते.

गेल्या हिवाळ्यात आमची थोरली म्हैस व्याल्यानंतर दुसऱ्या पहाटे अशीच बसली. कोणी कॅल्शियमची बाटली पाजा म्हणाले. सासूबाईंनी ठाम नकार दिला, कारण नीट गिळता न येणाऱ्या जनावराच्या घशात ओतलेले औषध फुप्फुसात उतरते. पशुवैद्यकांनी कॅल्शियम बोरोग्लुकोनेट कोमट करून शिरेतून सावकाश दिले आणि मधूनमधून हृदयाचे ठोके ऐकले. घाईने दिलेले हेच औषध हृदय बंद पाडू शकते. थोड्या वेळाने ती धडपडत उठली, तेव्हा घरात चूल पेटली.

मग कॅल्शियम आधीपासूनच भरपूर द्यावे का? नाही. व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत ते आयते व जास्त मिळाले, तर हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची सवय मंदावते आणि ऐन गरजेच्या वेळी घात होतो. या काळातील मात्रा पशुवैद्यकांनाच ठरवू द्यावी. एरवी वाडे एकटे न घालता कडबा आणि लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यासोबत द्यावे, त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि दुभत्या जनावरास खनिज मिश्रण नेमाने द्यावे.

कॅल्शियम किती दिले, यापेक्षा ते केव्हा दिले आणि कशासोबत दिले, हे अधिक मोलाचे. पालकातही ऑक्झलेट असते. तेव्हा हा हिशेब आपल्या ताटालाही लागू आहे.